मधला कागद

रेडिओचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. वाइंडिंगवाले शिंदेकाका तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होते. आकडा चुकू नये म्हणून दुकानात सगळे गप्प. पहिली गुंडाळी संपली, तिच्यावर त्यांनी कागद लपेटला आणि दुसरी तार हातात घेतली.

"या दोन्ही तारा जोडणार कुठे?" मी विचारलं.

"जोडायच्या नाहीत. एकीतला प्रवाह कमीजास्त झाला की शेजारणीला आपोआप कळतं. एकसारखा राहिला तर काहीच कळत नाही."

माझ्या घराच्या भिंतीपलीकडे माझा भाऊ राहतो. आमचं बोलणं बंद आहे. त्याचा सकाळचा खोकला इतक्या वर्षांत माझ्या कानांना जाणवेनासा झाला होता. आज सकाळी तो ऐकूच आला नाही, आणि माझा चहा कपातच निवून गेला.

काका पुन्हा मोजू लागले. मी चपला घातल्या आणि भावाचं दार वाजवायला निघालो.