शेठ, उपरणं काढा

आमच्या गल्लीत नळ नव्हता. पाणी कृष्णेवरून आणायचं, घाटाच्या पायऱ्या चढून. त्या उन्हाळ्यात मला सहावा महिना होता आणि एकदा पाय घसरून मी घागरीसकट खाली बसले. बाळ सुखरूप राहिलं, पण त्यानंतर पायरी दिसली की मी आधी धरायला काहीतरी शोधायची.

माझं गाव साताऱ्याच्या पार वरल्या अंगाला. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. नवरा पलटणीत, म्हणून त्याच्या मावशीच्या आधारानं सांगलीत राहिले. आल्यावर तिसऱ्याच दिवशी हळदीच्या वखारीत काम मिळालं. हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे, असं निवडायचं. वखार शेठची. अनोळखी गावात त्यांनी मला दारातून परत पाठवलं नाही, हे मी कशी विसरेन? त्यांच्याबद्दल कुणी वावगं बोललं की मी आधी दाराकडे बघायची, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

संस्थान विलीन झालं, नगरपालिकेची निवडणूक आली आणि शेठ उभे राहिले. बायकांनाही मत होतं.

"ह्येला काय कमी पडलं गं?" मावशी भाकरी थापता थापता म्हणाली. "वखार हाय, तेलाची गिरणी हाय, टांगा हाय."

"लोकांची सेवा करायची म्हणत्यात."

"व्हय तर! वखारीत बायकांनी प्यायला रांजण मागितला, तर घरनं पिऊन या म्हनला. तवा कुठं गेलती सेवा?"

"मावशी, हळू बोला की."

"का? भाकरी जाऊन सांगती व्हय त्येला?"

तिचं खरं होतं आणि शेठचे उपकारही खरे होते. दोन्ही घेऊन मी पाणी भरत होते.

एका रविवारी सकाळी शेठ गल्लीत आले. खांद्यावर जरीकाठी उपरणं, हात जोडलेले. सेवा करायची म्हणाले, नळ आणतो म्हणाले, गटार बांधतो म्हणाले. गल्लीतले वडीलधारे म्हणजे कल्हईवाले चाचा. भात्यापासून उठून ते पुढे आले.

"शेठ, रागावू नका. पण ह्यातनं तुमाला काय मिळनार, त्येवढं आदी सांगा. मंग बाकीचं ऐकतो."

आता हळदीच्या सौद्यात भाव कुणी तोंडानं बोलत नसे. उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबायची, झाला भाव. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. शेठचा जन्म त्यात गेलेला. अडचणीचं विचारल्यावर त्यांनी चाचांचा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "चाचा, मताला काय भाव फुटला?"

"आमालाबी कळू द्या की रं!"

हशा उसळला. चाचांनी हात झटकून मागे घेतला. शेठ गोरेमोरे झाले, आपण काय केलं ते त्यांना तेव्हा उमगलं. मी रोज सौदे बघत होते. बोटं दाबताना माणसाचा खांदा किंचित हलतो. शेठचा हलला नव्हता, म्हणजे बोटं दाबलीच नव्हती. पण हे कुणाला सांगणार? लोक हसत पांगायला लागले, आणि त्यांच्याबरोबर नळही हातचा जायला लागला. मला घाटाच्या पायऱ्या दिसल्या.

"शेठ, उपरणं काढा," मी म्हणाले. "काय ते उघड्यावर बोला."

मावशीनं माझा दंड धरला. माझं मला कळेना, हे कुणाच्या तोंडून आलं. शेठनी माझ्याकडे बघितलं. वखारीतली बाई, हे ओळखलं असणार. मग त्यांनी उपरणं काढलं आणि बराच वेळ त्याची घडी घालत राहिले.

"गिरणीला पाणी पाहिजे," ते म्हणाले. "पालिकेत बसलो तर नळाची लाईन गिरणीपर्यंत न्यायची, हे डोक्यात आहे. ती ह्याच गल्लीतनं जाते. झालं?"

"आता कसं!" मावशी म्हणाली. "मघाधरनं नुसतं सेवा, सेवा."

पांगलेले लोक वळले. चाचांनी दोन बोटं वर केली. "गल्लीत दोन नळ. आदी हितं, मंग गिरणी."

शेठनी सगळ्यांसमोर एक बोट वर केलं. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. चाचांची दोन बोटं हलेनात. शेवटी शेठचं दुसरं बोटही वर आलं.

दुसऱ्या दिवशी काम गेलं असंच धरून मी वखारीत गेले. मुकादमानं रोजच्यासारखं पोतं माझ्यापुढे ओतलं. दाराशी नवा रांजण होता, भरलेला, वर झाकण.

"मतं पडूस्तोवर भरत्यात, बघ," घरी सांगितल्यावर मावशी म्हणाली.

मतं पडली, शेठ निवडून आले, रांजण भरतच राहिला. लाईनला मात्र वेळ लागला. शेवटचे महिने मावशीनंच माझ्या घागरी वाहिल्या, शेठला शिव्या देत, पायरीगणिक एक. मुलगी झाली, रांगायला लागली, तेव्हा कुठे गल्लीत चर खणला गेला आणि गिरणीच्या आधी आमच्यात पाणी आलं.

एकच नळ. दुसरा अजून यायचा होता.

शेठचा टांगा गल्लीतून जाताना दिसला की चाचा भाता थांबवायचे आणि एक बोट वर करायचे, एक नळ बाकी म्हणून. टांग्यातून शेठही एक बोट वर करायचे, कधी हसून, कधी कपाळाला आठ्या घालून. लेक कडेवर घेऊन मी नळाखाली घागर लावलेली असायची. एकदा तिनंही बोट वर केलं. शेठनी टांगा थांबवला.

"हिलाही ठाऊक आहे होय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या गल्लीला ठाऊक हाय, शेठ," मी म्हणाले, आणि त्या वेळी कुणी ऐकतंय का म्हणून इकडेतिकडे बघितलं नाही.