दोनदा आलेली मैत्रीण

मेडिकलला अर्ज करायच्या वर्षी मी वहीत सतरा कामांची यादी केली होती. सहावं काम होतं वृद्धाश्रमात मदत करणं, कारण इंटरव्ह्यूत त्याबद्दल विचारतात असं टीचरनी सांगितलं होतं. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात मी वर्षभर दर शनिवारी गेले आणि दृष्टी गेलेल्या एका इंग्लिश आजींना पेपर वाचून दाखवला. माझी मैत्रीण माझ्याबरोबर दोनदा आली.

इथे चारच मेडिकल कॉलेजांना अर्ज करता येतो; मार्चमध्ये मला चौथा आणि शेवटचा नकार आला. त्याच आठवड्यात तिची आई तिला घेऊन आमच्या दारात उभी राहिली. हातात वेम्बलीच्या भारतीय दुकानातून आणलेले पेढे होते.

"अहो वहिनी, हिला मेडिकलची ऑफर आली!"

माझ्या आईनेच पेढा माझ्या हातावर ठेवला.

मैत्रीण जवळ येऊन म्हणाली, "अगं, मी इंटरव्ह्यूत त्या आजींबद्दलच बोलत बसले. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना जाम आवडलं! तू काय सांगितलंस?"

मी सतराच्या सतरा कामं सांगितली होती. आजींच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं.

"तेच," मी म्हटलं.

शनिवारी मी पेपर उघडला, तेवढ्यात आजींनी विचारलं, "ती दुसरी मुलगी काय गोड हसायची! डॉक्टर व्हायचं म्हणत होती. झालं का तिचं काम?"

"माहीत नाही," मी म्हटलं आणि हवामानाचा अंदाज वाचायला सुरुवात केली.