वाढत्या अंगाची सायकल

आमच्या टेलरमास्तरने शिवलेला कपडा मापाला चुकला म्हणून परत आला, असं गल्लीत सहसा कुणी ऐकलेलं नाही. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईस्तोवर हा नुसत्या नजरेने त्याची कंबर सांगतो, मग टेप लावतो, आणि आपलंच बरोबर निघालं की मिशीतल्या मिशीत हसतो. असा हा हाडाचा टेलर स्वतःच्या पोरीच्या मापात मात्र पहिल्यापासून चुकत आला. मी त्याची मोठी बहीण. मला बोलायचा हक्क आहे, आणि नसता तरी मी बोललेच असते.

दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. मधोमध कापायचं टेबल, त्याच्याखाली चिंध्यांचं पोतं, भिंतीला उभा आरसा आणि दोन मशिनी. एकीवर मास्तर, दुसरीवर माझी भावजय. मागच्या दोन खोल्यांत संसार. पोरगी अभ्यासाला बसते तीही कापायच्या टेबलाच्या एका टोकाला, त्यामुळे तिच्या वहीवर कायम खडूची भुकटी आणि दोऱ्यांची गुंतवळ. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण आम्ही तिला काडी म्हणतो. बघितलं की कारण विचारावं लागत नाही.

आता 'वाढतं अंग' हा आमच्या घराण्यातला जुना रोग आहे. आमची आई आम्हा दोघांना सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची. बुटांच्या पुढे कापसाचे बोळे कोंबायचे आणि वर्षभर फटफट करत चालायचं. बोळे काढायची वेळ यायची तोवर बुटाचा तळ गेलेला असायचा. म्हणजे आम्हाला आधी सगळं ढगळ, मग सगळं फाटकं. मधला दिवस कधी आलाच नाही. पोरगा मोठा होऊन सुधारेल म्हणावं, तर हा टेलर झाला आणि त्याने रोगाचं शास्त्र केलं.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा मोठा. बाकीचे टेलर बोटभर माया ठेवतात. हा काडीच्या फ्रॉकात एवढी ठेवतो की आतून दुसरा फ्रॉक निघावा. तिच्या शाळेच्या स्कर्टाची दुमड इतक्या वेळा उसवलेली आहे की खाली जुन्या घड्यांच्या रेघा ओळीने दिसतात. भावजयीला मी एकदा म्हटलं, "तू काही बोलत का नाहीस गं?" ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "ताई, लग्नात माझा ब्लाउज ह्यांनीच शिवला होता. अजून सैल होतोय."

काडी मात्र गुणाची. कुठली वस्तू अंगाला मोठी झाली, की आपणच म्हणायची, "पुढच्या वर्षी बरोबर येईल." ऐकायला बरं वाटायचं, पण मला ते खटकायचं. एवढ्याशा पोरीनं सगळं पुढच्या वर्षावर का ढकलावं?

तर अशा ह्या पोरीने या वर्षी पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी मागितलं. सायकल. गल्लीतल्या पोरी सुट्टीच्या दिवशी सकाळी सायकलवरून तळ्यापर्यंत जायच्या, आणि ही दुकानाच्या पायरीवर उभी राहून त्यांना हात करायची. नवी सायकल परवडण्यातली नव्हती, ते तिलाही ठाऊक होतं. "जुनी चालेल बाबा," ती म्हणाली, "पण मला त्यांच्याबरोबर जायचंय." मास्तर विरघळला. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन निघाला, आणि मला कुणी बोलावलं नव्हतं म्हणून मीही निघाले.

सायकलवाल्याचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. छताला टांगलेली चाकं, जमिनीवर वंगणाचे डाग, आणि दाराशी जुन्या सायकली एकमेकींना रेलून उभ्या. सायकलवाला टकलू, बोलायला फटकळ, म्हणजे माझ्यासारखाच. त्याने काडीकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक हिरवी सायकल बाहेर काढली. काडी बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. "बाबा, टेकतायत!" ती ओरडली.

मास्तरच्या कपाळाला आठ्या पडल्या. टेकतायत म्हणजे माप संपलं! त्याने गळ्यातला टेप काढला, काडीला उभी केली आणि चड्डीला घेतात तसं पायाचं आतलं माप घेतलं. मग टेप सायकलला लावला, सीटपासून पायडलपर्यंत. रांगेतल्या एकूण एक सायकलीला. शेवटी एका उंच निळ्या सायकलीपाशी थांबला.

"ही घेऊ. चार बोटं जास्त आहे. वाढतं अंग आहे, तेवढी माया पाहिजेच."

सायकलवाला हातातला पाना खाली ठेवून बघतच राहिला. "मास्तर, लोखंडात कसली माया? सायकल काय उसवता येते?"

"सायकल नाही वाढणार, पोर वाढेल ना!"

"वाढेल तेव्हा वाढेल. आज कोण चालवणार, तुम्ही?"

"मापं मला शिकवू नका," मास्तर फणकारला. "माझा जन्म गेलाय त्यात."

मी म्हटलं, "अरे, पण तिचे पाय..." तर म्हणे, "ताई, तू मध्ये बोलू नकोस." काडीने हिरवीवरून हात काढला आणि निळीच्या दांड्यावर ठेवला. "छान आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बरोबर येईल." सायकलवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी छताच्या चाकांकडे.

घरी आल्यावर मास्तरने दोन्ही पायडलांना लाकडी ठोकळे बांधले, तेही चिंध्यांच्या पट्ट्यांनी, सुबक गाठी मारून. काडीला पायरीवरून सीटवर चढवलं आणि दिलं ढकलून. पोर निघाली बरी. कोपऱ्यापर्यंत तर तोऱ्यात गेली. पण थांबायचं कसं, हे कुणीच सांगितलं नव्हतं आणि पाय तर खाली पोचत नव्हते. कोपऱ्यावर एकाचं बांधकाम चालू होतं. काडी सरळ वाळूच्या ढिगात. आम्ही धावलो तेव्हा तोंडातली वाळू थुंकत बसली होती आणि खुदखुदत होती. मास्तरला तेवढंच पुरलं. "बघितलंस?" मला म्हणाला. "घाबरत नाही. सवयीने येईल."

आणि आलं, असंच आम्ही समजलो. सुट्टीच्या सकाळी पोरी हाका मारायच्या, काडी निळी सायकल घेऊन बाहेर पडायची आणि दोनेक तासांनी लालबुंद होऊन परत यायची. "आले जाऊन तळ्यावर," म्हणायची आणि फडक्याने सायकल पुसून ठेवायची. मास्तरची मान ताठ. येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "चार बोटं जास्त घेतली, तरी चालवते की नाही बघा!" मलाही वाटू लागलं, गाढवाने ह्या वेळी बाजी मारली.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी भाजी घेऊन तळ्याच्या बाजूने येत होते. समोरून पोरींचा थवा आला, घंट्या वाजवत, खिदळत, माझ्या पिशवीला चाटून गेला. त्यात काडी नव्हती. मी पुढे आले. बऱ्याच मागे, रस्त्याच्या कडेने, काडी येत होती. पायी. निळी सायकल दोन्ही हातांनी ढकलत, जवळजवळ पळत.

"अगं, पंक्चर झाली का?"

ती थबकली. नाही म्हणून मान हलवली.

"मग बसत का नाहीस?"

"थांबता येत नाही आत्या. पाय टेकत नाहीत. एकदा त्यांच्या अंगावरच गेले होते." घाम पुसत तिने घाईघाईने सांगितलं, जसं काही माझीच समजूत काढायची होती. "पण मी येते की त्यांच्याबरोबर. त्या तळ्यावर थांबतात माझ्यासाठी. कधी कधी."

"दर वेळी अशीच ढकलत?"

"बाबांना सांगू नकोस हं. चारच बोटं तर वाढायचंय."

मी हो म्हटलं. काय करणार, पोरीने हात धरला होता. पण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि ही तर राहूच शकली नसती. सायकल मी घेतली, पिशवी तिला दिली, आणि तडक घर गाठलं. काडीला मागच्या दाराने आत पाठवलं आणि मी पुढून दुकानात शिरले.

आत एक गिऱ्हाईक बाई उभी होती. लग्नाला जायचं होतं, ड्रेस शिवायचा होता. "मास्तर, दोन बोटं आतच घ्या," ती लाडात म्हणत होती. "मी बारीक होणार आहे."

"बाई," मास्तरने खडू टेबलावर टेकवला, "कपडा आज जे माणूस समोर उभं आहे त्याच्या मापाचा शिवायचा असतो. उद्याचं माणूस उद्या येऊ दे, त्याचं माप उद्या घेऊ. नाहीतर कपाटात टांगायला शिवून काय उपयोग?"

मला हसू फुटलं. असं फुटलं की चिंध्यांच्या पोत्यावर बसावं लागलं. बाईला वाटलं तिच्या जाडीला हसते, ती रागावली. भावजयीने मशीन थांबवली. मास्तर लालेलाल होऊन ओरडला, "दात काढायला काय झालं ताई?"

"तुझी पोरगी," मी म्हटलं, आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. "तुझी पोरगी सुट्टीच्या सुट्टीला तळ्यापर्यंत सायकल ढकलत जाते आणि ढकलत येते. एकदाही बसत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही. चारच बोटं वाढायचंय म्हणते. ती समोर उभी आहे रे, तिचं माप कधी घेणार?"

मास्तरने टेप उचलला. बाईचं माप त्याने पूर्ण घेतलं, जसं होतं तसं, आणि तिनेही निमूट दिलं. ती गेल्यावर तो मागच्या खोलीत गेला. काडी भाजी निवडत बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि नुसता बघत राहिला. तिला वाटलं आता ओरडा बसणार. "आत्याने सांगितलं ना?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी लावली.

दुसऱ्या दिवशीही सुट्टी होती. सकाळीच आम्ही तिघं निळी सायकल घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये हजर. सायकलवाला 'मी म्हटलं नव्हतं' असं म्हणाला नाही, नुसतं तोंडभर हसला. ते जास्त झोंबलं. पण हिरवी सायकल कधीच विकली गेली होती. काडीच्या मापाची दुसरी एकही नव्हती. मास्तरचा चेहरा उसवल्यासारखा झाला.

"थांबा," सायकलवाला म्हणाला. मागून त्याने एक लहान लाल सांगाडा ओढून आणला. त्याला एका सायकलची चाकं बसवली, दुसरीचं हँडल, तिसरीची घंटी. मडगार्ड पुढे होतं, मागे नव्हतं. सीटचं रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आला होता. "सीटचं तेवढं तुम्ही बघा मास्तर. निळी मला परत द्या, वर पैसे काही लागणार नाहीत. ही लहान झाली की घेऊन या, मोठी देतो. तिची शाळा संपेपर्यंत अशी बदलत राहू."

मास्तरने गळ्यातला टेप काढला. सीटचं माप घेतलं, एकदा घेतलं आणि परत एकदा घेतलं. घरी जाऊन जाड निळ्या कापडाचं कव्हर शिवून आणलं. चढवताना तिघांनी मिळून ओढावं लागलं, इतकं घट्ट. मी आत हात घालून बघितलं, शिवणीत पुरती बोटभरसुद्धा माया नव्हती. त्याने माझ्याकडे रागाने बघितलं. मी गप्प बसले. मलाही कधी कधी जमतं.

काडी बसली. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. मला वाटलं, आता ओरडेल, हसेल. ती हँडल घट्ट धरून टेकलेल्या पायांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी वाढले तर?"

"तर काय?"

"तर ही पण लहान होईल ना. मग?" तिचा आवाज बारीक झाला होता. "मला न वाढता नाही येणार."

माझ्या भावाने खाली वाकून तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. बांधायला बराच वेळ लावला.

"वाढ की गं," तो खालूनच म्हणाला. "खुशाल वाढ. रोज जेवायला कशाला घालतो मग तुला? वाढायचं ते तू बघ, बदलायचं ते मी बघतो."

"दर वर्षी?"

"दर महिन्याला वाढ, बघू कोण थकतं ते."

मग हसली. पायडलवर पाय ठेवला, एकदा खाली टेकवून खात्री केली, आणि निघाली. तळ्याच्या रस्त्याला पोरी केव्हाच पुढे गेल्या होत्या, त्यांना गाठायचं होतं. वळणावर थांबली, दोन्ही पाय टेकून एका हातगाडीला वाट दिली, आणि पुन्हा सुटली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही कार्टीनं.

सायकलवाला दुसऱ्या कामाला लागला. दुकानात आमची गिऱ्हाइकं खोळंबली असणार होती. मी म्हटलं, "चल रे आता." मास्तर हलला नाही. टेप गळ्यात तसाच लोंबत होता आणि तो रिकाम्या वळणाकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "एवढी कधी झाली गं ही?"