मरियमबीने केलेली खात्री

मरियमबी माझी खाला, आईची बहीण. दुबईजवळच्या अजमानच्या बाजारात सुरमई घेताना ती आधी माशाचा कल्ला उघडून बघते आणि मग विकणाऱ्याचं तोंड. तिचं तोंड एकदा दुधाने पोळलंय. तीन वर्षांपूर्वी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एकाला तिने फोनवर कार्डाचा नंबर सांगितला आणि टिफिनच्या धंद्यातले दोन हजार दिरहॅम गेले. तेव्हापासून तिचा नियम ठरला: पैशासाठी फोन आला, की त्या घरच्या वडीलधाऱ्याला विचारायचं. आमच्या गावची रीतही तीच, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

यंदा रत्नागिरीकडच्या आमच्या गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. अर्ज भरून झाले आणि लगेच गल्फमधल्या गाववाल्यांच्या ग्रुपवर शौकतचा मेसेज पडला. शौकत अबुधाबीकडे मुसफ्फाला एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. त्याची मोठी भावजय अरफा उभी होती. "जुम्म्याला येतो, प्रत्येकी दोनशे." इथे परवानगीशिवाय वर्गणी काढायची नाही, म्हणून लबाडाने पुढे लिहिलं होतं, 'बिर्याणीचे'.

"दोनशे, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये," मरियमबी म्हणाली. "भाभी उभी राहते आणि हात दीर पसरतो? दाल में कुछ काला है."

गुरुवारी दुपारी तिला अनोळखी भारतीय नंबरवरून फोन आला. स्पीकर चालू होता, मी कांदे चिरत होते. बाई अगदी हळू बोलत होती.

"खाला, मी अरफा. शौकतभाईंना काही देऊ नका. तो पैसा अब्बांकडे, माझ्या सासऱ्यांकडे जातो. मग सही माझी आणि हुकूम त्यांचा. पत्रकं आणि रिक्षा एवढा खर्च मी मोहल्ल्यातल्या बायकांकडून उभा करतेय. ज्याचा पैसा त्याची खुर्ची, खाला. तुम्ही मला थोडं दिलंत, तर तिथल्या बाकीच्या बायकाही देतील. फक्त घरी कुणाला बोलू नका."

मरियमबीने फोन कापला. "घरी बोलू नका! तो बँकवालाही हेच म्हणाला होता."

"मम्मी, जस्ट व्हिडिओ कॉल हर," तिची लेक उमैमा म्हणाली.

"आजकाल चेहरेही बनवतात!"

मीही मान डोलावली. आमच्यातली सून पैशासाठी स्वतः फोन करेल, हे माझ्याही डोक्यात शिरलं नाही. शहाणपणाचा मक्ता आम्हीच घेतला होता.

मग मरियमबीने रीतीप्रमाणे अरफाच्या सासऱ्यांना, कमरुद्दीनचाचांना, फोन लावला. कुणीतरी तुमच्या सुनेच्या नावाने पैसे मागतंय, असं सांगून तिने सगळं बोलणं ऐकवलं आणि नंबरही दिला. चाचांनी तो नंबर पुन्हा विचारून घेतला.

"बरं केलंस बेटी. खलास. आम्ही बघतो."

त्या रात्री ती खुशीत जेवली.

दुसऱ्या दिवशी नमाजनंतर शौकत दारात उभा राहिला. सोबत बातमीही होती. अरफाने तब्येतीचं कारण सांगून सकाळीच अर्ज मागे घेतला होता. शौकतची बायको अलिशा गावीच असते; तिचा डमी अर्ज भरलेला होताच. आता तीच उमेदवार.

"अब्बा तुमची फार तारीफ करत होते, खाला," तो हसत म्हणाला. "तुमच्यामुळे घरची गोष्ट घरात राहिली."

मरियमबीचा चेहरा उतरला. "म्हणजे फोनवर ती अरफाच होती?"

"छोडो ना. दोनशे देताय ना?"

"मला तिच्याशी बोलायचंय. लाव फोन."

"कसा लावणार? तिचा फोन अब्बांनी काढून घेतला."

मरियमबीने दार लावलं. दोनशे दिले नाहीत, पण आता त्याने अरफाचं काय भलं होणार होतं? ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि माझा हात घट्ट धरला.

"पोरीने माझ्यावर विश्वास टाकला," ती म्हणाली, "आणि मीच तिला त्यांच्या हातात दिलं."