पायलच्या कमरेएवढा पलंग

ठाकुर्लीच्या त्या इमारतीत वैशाली सिस्टर जिना उतरू लागली, की तळमजल्याला न बघता कळायचं. एक पायरी, एक ‘आई गं’. चहा टाकायचा असेल तर घड्याळाची गरज नाही, असं शेजारणी म्हणायच्या.

कल्याणच्या एका खाजगी हॉस्पिटलात पुरुषांचा वॉर्ड म्हणजे वैशालीचं राज्य. केवढाही धिप्पाड पेशंट असो, वाकून, काखेत हात घालून एकटी वर ओढायची. आता कंबरच हरताळ पाळू लागली. मेट्रन देवयानी मॅडमनी सांगून टाकलं, “पुढच्या महिन्यातही असंच राहिलं तर ओपीडीच्या टेबलावर बसा. वॉर्ड पायल बघेल.”

टेबलाचं एक वेळ चाललं असतं. पण पायल?

ही पायल म्हणजे जेमतेम वैशालीच्या खांद्याला लागणारी. दिवसभर ड्युटी करून वर गरब्याला जाणारी. तिची ताठ पाठ बघितली की वैशालीच्या कमरेत आणखी एक कळ यायची.

मग वैशालीनं तिच्यावर पाळत ठेवली. पेशंटला हात लावण्याआधी पायल पलंगाच्या पायथ्याचं हँडल फिरवून पलंग वर घ्यायची. वॉर्डातल्या मावशींना पलीकडे उभं करायची, गुडघे वाकवायची आणि दोघी मिळून चादरीसकट पेशंटला सरकवायच्या. जेवणाच्या सुट्टीत चटईवर उताणी पडून, गुडघे मुडपून, कंबर वर उचलायची.

“नखरे,” वैशाली चारचौघींत म्हणाली. आणि कोणी नसताना प्रत्येक पलंगामागे, पायलची गादी जिथवर चढायची, तिथं भिंतीवर चिकटपट्टी लावून आली. एक सूतही चुकायला नको.

घरी दार लावून व्यायामही सुरू झाला. नवरा महेंद्र चहाचा कप घेऊन दारात उभा.

“पंखा पुसायचाय का? पडून काय बघतेस त्याच्याकडे?”

“तुम्ही चहा प्या. गार होतोय.”

सकाळी कंबर जरा मोकळी वाटायची. पण वॉर्डात दुपार झाली की पुन्हा तीच रड. पट्टीपर्यंत पलंग, गुडघे वाकवलेले, मावशी पलीकडे, सगळं पायलसारखं. तरी दुखतंच. म्हणजे ही भवानी काहीतरी लपवतेय, अशी वैशालीची खात्री पटली.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पोपटशेठना वर सरकवताना ती अर्ध्यातच थांबली. समोर पायल होती.

“खरं सांग, तू खातेस काय?”

“डबा, ताई. तुम्ही घेता की त्यातली भाजी.” मग पायलला ती भिंतीवरची पट्टी दिसली. तिनं पट्टीकडे बघितलं, मग वैशालीकडे. “ही तुम्ही लावलीत?”

“मावशींनी लावली असेल.”

मावशींनी पटकन खिडकीबाहेर बघितलं.

“अहो ताई, ही माझी कंबर आहे. तुम्ही एवढ्या उंच. इतक्या खाली वाकल्यावर दुखणारच ना.”

“म्हणजे उंचीपण माझीच चूक.”

पायल सरळ पलंगाच्या पायथ्याशी गेली. हँडल फिरवत राहिली. गादी वैशालीच्या कमरेशी आली तेव्हा थांबली. वैशालीनं एक पाय पुढे टाकला, गुडघे वाकवले, मावशींनी चादर धरली. पोपटशेठ अलगद वर सरकले. वैशाली कळेची वाट बघत उभी राहिली. कळ आलीच नाही.

“पाळण्यात घातल्यागत वाटलं बुवा,” पोपटशेठ म्हणाले.

तो महिनाभर वैशालीनं ना हँडल सोडलं ना चटई. महिना सरल्यावर देवयानी मॅडम राउंडला आल्या. तिला एका पेशंटला वळवताना बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ओपीडीच्या टेबलाला मी दुसरं कोणीतरी शोधते.”

वैशालीनं आभार मानले मॅडमचे. पायलचे नाही मानले. तिला फक्त भिंतीपाशी बोलावलं. तिथं आता पायलच्या पट्टीच्या वीतभर वर नवी पट्टी होती.

“बघ,” वैशाली म्हणाली, “माझी वर आहे.”