म्हसोबाभोवती मोजलेला ट्रॅक

मी ट्रॅक उलट्या दिशेने मोजला. अकरा फेऱ्या मारल्या, अकराही उलट्या, आणि अकराही अतिशय काळजीपूर्वक.

अंबडच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं बरोबर मोजतात की नाही, हे तपासायची माझी नोकरी आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या बारीकसारीक चुका पकडायचा मला पगार मिळतो. त्यामुळे जे घडलं त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही. त्याला दुसरा एक शब्द आहे, तो माझी बायको वापरते, पण इथे लिहिण्यासारखा नाही.

माझी भाची नाशिक रोडला एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. दिवसभर डाव्या सीटवर बसायचं आणि शिकणारा घाबरला की आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, हे तिचं काम. तिला मात्र शर्यतीत उतरायचं होतं. तशी संधी आली. एका रॅली टीमला हंगामभरासाठी एक महिला ड्रायव्हर हवी होती. गाडी त्यांची, टायर त्यांचे, मेकॅनिक त्यांचा. दिंडोरी रस्त्याला एका पडीक शेतात मुरूम पसरून ट्रॅक आखला होता. रविवारी निवड. प्रत्येकीला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची, आणि जिचा वेळ सगळ्यात कमी तिला सीट. बाकीच्या मुलींकडे सरावाला स्वतःच्या गाड्या होत्या. हिच्याकडे होती ती छपरावर शाळेचा बोर्ड असलेली, आणि तीसुद्धा मालकांना विचारून.

इथे मी मध्ये पडलो. कोणी बोलावलं नव्हतं.

माझ्याकडे गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आहे. वय पंचावन्न. बायकोच्या शिवणयंत्राच्या टेबलाला मी त्याचं स्टिअरिंग शिकंज्याने आवळून बसवलेलं आहे, त्यामुळे तिचे ब्लाउज गेली दोन वर्षं बाहेर शिवले जातात. त्या गेममध्ये आपला स्वतःचा ट्रॅक तयार करून घालता येतो. माझ्या डोक्यात आलं की खऱ्या ट्रॅकवर गाडी फिरवावी, गाडी कुठे होती, किती वेगात होती, किती कलली, हे सगळं नोंदवणारी डबी डॅशबोर्डला चिकटवावी, आणि ती माहिती गेममध्ये भरावी. पोरीने घरी बसून पंधरा दिवस तोच ट्रॅक चालवावा. रविवारी तिला तो तोंडपाठ असेल.

भाचीला कल्पना आवडली. "मामा, पण नक्की जमेल ना?" एवढंच तिने विचारलं.

"अगं, माझा धंदाच तो आहे," मी म्हणालो.

आयोजकांची परवानगी काढून मी एका सकाळी माझी जुनी हॅचबॅक घेऊन शेतावर गेलो. चुन्याच्या रेषा मारून झाल्या होत्या, पाट्या अजून लागायच्या होत्या. ट्रॅकच्या मधोमध कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा होता. आयोजकांनी त्याला हात लावला नव्हता, फक्त भोवती जुन्या टायरांचं कडं केलं होतं. मी गाडीतूनच हात जोडले, डबी सुरू केली आणि देव उजव्या हाताला ठेवून निघालो. दुसरीकडून जायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. देवाभोवती माणूस आणखी कसा फिरतो? शिवाय स्टिअरिंगही उजवीकडे, म्हणजे दर फेरीला खिडकीतून दर्शन.

शेताचे मालक, एक म्हातारे बाबा, बांधावर बसून बघत होते. पाचव्या फेरीला मी पाणी प्यायला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, परवा ती पोरं आली व्हती, ती लय जोरात पळवत व्हती. आन् ती तिकून येत व्हती."

"ती टेस्ट करत असतील बाबा," मी म्हणालो. "मी मोजतोय."

"मोजा की. मला काय, मुरूम दबतोय तुमच्यानं."

मोजणी मात्र अशी केली की बघत राहावं. एक फेरी आतल्या कडेने, एक बाहेरच्या कडेने, मग नऊ जमेल तितक्या जोरात. पुढच्या दोन संध्याकाळी ते आकडे गेममध्ये भरले. ट्रॅक हुबेहूब उतरला. कालव्याच्या बाजूचा चढसुद्धा आला. चढाच्या पायथ्याशी खऱ्या शेतात एक निळी पाण्याची टाकी होती. भाचीला खूण पटावी म्हणून मी गेममध्ये त्याच जागी तशीच निळी टाकी ठेवली. तिचं झाकणही थोडं तिरकं ठेवलं, कारण खऱ्या टाकीचं तिरकं होतं.

माझी सगळ्यात जलद फेरीही त्यात घातली. तसं केलं की एक पारदर्शक गाडी आपल्यापुढे धावत राहते, आपण कुठे मागे पडतो ते कळावं म्हणून. गेम खेळणारे तिला भूत म्हणतात. भाचीने दुसऱ्या दिवशी माझ्या भुताला मागे टाकलं, चौथ्या दिवशी तिला ते अडचण वाटायला लागलं.

"मामा, तुमचं भूत दर वळणाला थांबून पत्ता विचारतंय का?"

"ती माझी सावध शैली आहे."

"मामी म्हणते ते बरोबर आहे."

मामी काय म्हणते ते मी विचारलं नाही.

ती रोज कामावरून सुटून यायची, तासभर चालवायची. डोळे मिटूनही सांगू लागली: दुसरं वळण सोडलं, निळी टाकी दिसली, की पाय पूर्ण दाबायचा, वर चढ आहे, गाडी सोडायची. दर वेळी टाकी, पाय, चढ. माझी छाती फुगत गेली.

शनिवारी दुपारी ड्रायव्हरांना ट्रॅक पायी बघायला सोडलं. मी सोबत गेलो, मोजणारा माणूस म्हणून. आता पाट्या लागल्या होत्या. सुरुवातीच्या रेषेपाशी लाल बाण होता. भाची त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा बाणाकडे.

"मामा, हा बाण डावीकडे आहे."

"पाटी फिरली असेल वाऱ्याने."

तिने पुढच्या पाटीकडे बोट केलं. मग तिच्या पुढच्या. वारा इतक्या शिस्तीत वाहत नाही. कालव्याच्या बाजूचा चढ आता उतार झाला होता, आणि त्या उताराच्या पायथ्याशी, झाकण तिरकं ठेवून, निळी टाकी उभी होती. जिथे पंधरा दिवस ती पाय दाबायचा म्हणून शिकली, तिथे आता जीव खाऊन ब्रेक मारायचा होता.

"तुम्ही कोणाला विचारलं नाहीत दिशा?"

"म्हसोबा मध्ये होता," मी म्हणालो. हे कारण म्हणून तोंडातून निघेपर्यंत मला पुरेसं वाटत होतं.

ती गाडीकडे चालू लागली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "घरी चला. उलटं करता येतं का बघू."

घरी येऊन मी सगळ्या आकड्यांचा क्रम उलटा केला. ट्रॅक उलटला, पण माझं भूतही उलटलं. ते अख्खा ट्रॅक रिव्हर्समध्ये, शेपटी पुढे करून फिरू लागलं, आणि जिथे मी ब्रेक मारला होता तिथे वेग घेऊ लागलं. भाची बघत राहिली. नेहमीसारखा टोमणा येईल म्हणून मी थांबलो. आला नाही. त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

भूत बंद केलं. संध्याकाळपर्यंत ती नव्या दिशेने चालवत राहिली. हात लवकर शिकले. पाय शिकेना. टाकी दिसली की उजवा पाय आपोआप खाली जायचा, आणि गाडी चुन्याची रेष ओलांडून शेतात. सातव्या वेळेला तिने स्टिअरिंग सोडलं. "पुरे. जितकं चालवते तितकं दोन्ही एकात एक होतंय."

रविवारी ती सकाळी लवकर जाऊन ट्रॅक तीनदा पायी चालली, शिकाऊ लोकांना सांगते तसं मोठ्याने बोलत: आता ब्रेक, आता दुसरा गिअर, आता सोड. मी दोरीबाहेर उभा होतो. बाबा बांधावर होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे मुद्दाम बघत नव्हते.

पहिल्या फेरीत तिने सगळ्यांना गप्प केलं. वरच्या वळणातून गाडी अशी बाहेर काढली की टीमचा मेकॅनिक खुर्चीतून उठला. मग उतार, मग टाकी. ब्रेक लागून गाडीचं नाक खाली जायला हवं होतं ते क्षणभर गेलं नाही. अर्धा सेकंद, फार तर. मग ब्रेक लागले, गाडी आडवी सरकली, कडेला ठेवलेला प्लास्टिकचा एक शंकू उडाला. एका शंकूला दोन सेकंदांचा दंड. दंड सोडला तर तिचा वेळ सगळ्यांत कमी होता. दंड धरून ती तिसरी.

दुसऱ्या फेरीत तिने टाकीच्या कितीतरी आधीच ब्रेक मारला. शंकू एकही पडला नाही. ती दुसरी आली. सीट मालेगावच्या एका मुलीला मिळाली, आणि ती चांगली चालवत होती, हेही सांगायला हवं.

टीमचा माणूस भाचीशी हात मिळवायला आला. म्हणाला, "त्या उतारावर काय झालं?" मी लगेच पुढे होऊन खरं सांगणार होतो. तिने मला कोपराने मागे सारलं आणि म्हणाली, "ब्रेक उशिरा लागला, सर." बस. माझं नाव घेतलं नाही.

परतताना गाडी तीच चालवत होती. मी शेजारी. मग तिने सांगितलं की टीमने पुढच्या चाचणीला तिला पुन्हा बोलावलंय. ट्रॅक लासलगावच्या बाजूला होणार आहे, दोन महिन्यांनी.

मी म्हणालो, "चुना पडला की लगेच मोजून आणतो. या वेळी आधी दिशा विचारतो, लिहून घेतो, सही घेतो."

तिने गिअर बदलला, आरशात बघितलं, इंडिकेटर दिला.

"तुम्ही येऊ नका, मामा. तुम्ही मोजून दिलेलं विसरायलाच मला जास्त वेळ लागतो."