ॲपने पास केलेली सुरमई

१. सकाळी आठला स्टीलची पट्टी घेऊन कोथरूडच्या मासळी बाजारात गेले.
२. एक सुरमई तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजली: बावन्न सेंटिमीटर.
३. आमच्या ॲपने सांगितलं, "मासा ठेवा."
४. मासळीवाल्या मावशी हसल्या.

हे ॲप दूरच्या बेटांवरच्या मच्छीमारांसाठी आहे. तिथे पन्नास सेंटिमीटरपेक्षा छोटी सुरमई समुद्रात परत सोडावी लागते, मग गळ टाकणारा हौशी असो की बोटवाला. मोजणीचा भाग मी लिहिलाय.

"ताई, मासा घेताय की त्याला ब्लाउज शिवताय?"

"मोजतेय, मावशी."

"मग टोक कशाला धरता? ते बर्फात मोडतं. शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजा."

तसं मोजलं, तर सत्तेचाळीसच भरले. तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर नियम उघडला. त्यातही बेचकंच लिहिलेलं होतं. माझ्या ॲपवर विश्वास ठेवणाऱ्या एखाद्या मच्छीमाराचा परवाना गेला असता.

सुरमई अर्थातच घ्यावी लागली. दुरुस्ती दुपारी झाली आणि ॲपमध्ये मोजणीचं चित्रही टाकलं. ते खाली देतेय.

शुक्रवारी ॲप बेटांवर जातंय. तुमच्यापैकी जे मासे पकडतात, त्यांनी हे चित्र पाहून मासा कुठून कुठपर्यंत मोजाल, ते कृपया गुरुवारपर्यंत लिहा.